ओहोळाला रकाना नाही



जमीन घ्यायची वेळ आली की मोजणीवाले पाड्यावर येतात. पाइपलाइन असो, रस्ता असो, विजेची लाइन असो, कागद एकच. त्यात रकाने असतात: आंब्याची झाडं किती, मोह किती, ऐन किती, घर कुडाचं की विटांचं, विहीर बांधीव की कच्ची. अशाच एका मोजणीच्या वेळी एक म्हातारी आय पुढे झाली आणि म्हणाली, "दादा, आमचा ओहोळ पन लिव." मोजणीवाला माणूस वाईट नव्हता. त्याने कागद वर-खाली पाहिला आणि म्हणाला, "आजी, ओहोळाला रकाना नाय."

आजचा लेख या रकान्याबद्दल आहे. ही पानं मिटिंगला मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना यातलं निम्मं आधीच माहीत आहे, म्हणून त्यांनाच जास्त बोलू द्या.

शाळेच्या पुस्तकात पोरं शिकतात की जगात दोन प्रकारचे घटक आहेत. एक सजीव: झाड, माणूस, मासा, किडा. दुसरे निर्जीव, म्हणजे पुस्तकी भाषेत अजैविक: ऊन, उष्णता, पाणी, हवा, माती, क्षार, आम्ल, वारा, जमिनीचा उतार. पोरं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, विसरून जातात. पण पुस्तकात त्याच धड्यात पुढे एक वाक्य असतं, तिकडे कुणी बघत नाही. ते असं, की सजीव कुठे जगेल, किती वाढेल आणि कधी मरेल हे निर्जीव घटक ठरवतात.

हे आपल्याला नवीन आहे काय? शेवळं कधी वर येतं? मे महिनाभर जमीन तापते, मग पहिला पाऊस पडतो आणि शेवळं जमीन फोडून निघतं. एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर शेवळंही लांबतं. त्याचा कांदा जमिनीत जिवंत असतोच, पण ओल मिळाल्याशिवाय तो हलत नाही. वलगणीचे मासे कधी चढतात? पहिल्या पुराचं गढूळ, थंड पाणी ओहोळातून खाली धावलं की त्याच्या उलट मासे वर येतात, अंडी घालायला. पाण्याचा वेग, पाण्याचा गारवा आणि पाण्याचा रंग हे त्यांचं बोलावणं. भात खाचरात होतो, कारण तिथे पाणी थांबतं. नाचणी-वरई वरकस उतारावर होते, कारण त्यांना पाय बुडालेले चालत नाहीत. हे आपल्या बापजाद्यांनी कुठल्या कॉलेजात शिकलं नाही. पण त्यांनी मातीला निर्जीव म्हटलं नाही, धरतरी म्हटलं. पावसाला नारनदेव म्हटलं. धान्याला कणसरी म्हटलं. आणि ज्यांनी मातीला निर्जीव म्हटलं, त्यांनी तिला रकाना ठेवला नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरात पीठ आहे, लाकूड आहे, तवा आहे, पण पाणी नाही. भाकरी होईल काय? पीठ दुप्पट आणलं तरी होणार नाही. जे कमी आहे तेच ठरवतं. झाडाचं, माशाचं, पिकाचं तसंच आहे. ऊन आहे, माती आहे, खत आहे, पण ओल संपली तर सगळं तिथेच थांबतं. म्हणजे एखादा जीव मारायचा असेल तर त्याला हात लावायची गरज नाही. त्याला लागणारी एक गोष्ट कमी करा, नाहीतर एक गोष्ट जास्त करा. तो आपोआप मरतो. मग पंचनाम्यात लिहितात, नैसर्गिक कारणाने.

पहिला आरोप आपल्यावर: आदिवासी राब जाळतो आणि जंगल बिघडवतो.

हा आरोप नवा नाही. इंग्रजांच्या काळात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढा गोंधळ झाला की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ ला आला. तेव्हाही जंगल खात्याचं म्हणणं हेच, की डहाळ्या तोडू नका. आणि कुळांचं म्हणणं हेच, की राब नाही तर भात नाही.

राबात होतं काय? शेण, डहाळ्या, पाला, गवत यांचे थर, वर माती, आणि उन्हाळ्याच्या शेवटी भाजणी. त्या धगीने वरच्या मातीतलं तणाचं बी मरतं, किडीची अंडी मरतात. राखेतून पालाश मिळतं. भाजलेली माती भुसभुशीत होते, आवणाची मुळं सहज सुटतात, उपटताना तुटत नाहीत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर १९१२ साली याच राबावर एक सबंध शास्त्रीय निबंध छापला. साहेबाने प्रयोगशाळेत नेऊन तपासावी अशी ती गोष्ट होती. आपल्याकडे मात्र गार्ड अजूनही तिला अडाणीपणा म्हणतो.

पण खरं बोलायचं तर सगळं बोलू. एकाच ऐनाला दरवर्षी सोलून काढलं, शेंडाही ठेवला नाही, तर ते झाड खुरटतं, त्याची सावली जाते, खालची माती तापते. जुने लोक शेंडा राखत. एका वर्षी या बाजूची झाडं, पुढच्या वर्षी त्या बाजूची. काही पाड्यांवर हा नेम मोडला आहे. खैर चोरून विकणाऱ्यांत आपलेही काही आहेत. ओहोळात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे पोरगेही आपलेच आहेत. त्या पावडरीने मोठा मासा मिळतो, पण पिल्लं, चिंबोऱ्या, पाण्यातले किडे, सगळं एका सकाळी संपतं. हे ग्रामसभेने थांबवलं पाहिजे. आपण दुसऱ्याला विचारणार असू तर आपला हात आधी धुतलेला पाहिजे.

आता आपण विचारू.

१९७४ साली राज्यात वनविकास महामंडळ निघालं. जागोजाग मिश्र जंगल तोडून सागाच्या ओळी लावल्या गेल्या. सरकारी कागदावर ते जंगलच. झाडं मोजली तर भरपूर. पण त्या सागाखाली उन्हाळ्यात उभं राहून बघा. पान गळून गेलेलं, ऊन थेट जमिनीवर. मग जुन्या मिश्र रानात जा, जिथे उंबर आहे, करवंदीची जाळी आहे, खाली पाल्याचा थर आहे. दोन्हीकडे मातीला हात लावा. कुठली माती चटका देते आणि कुठली गार लागते, ते हातच सांगेल.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघा. सागाचं पान मोठं. त्याच्यावर बारीक थेंब एकत्र होतात, मोठा थेंब बनतो आणि उंचावरून खाली आपटतो. खाली गवत नसेल, झुडूप नसेल, पाला जळून गेला असेल, तर तो थेंब उघड्या मातीला साध्या पावसापेक्षा जोरात मारतो. माती फुटते, तिची भोकं बंद होतात, पाणी आत मुरत नाही, वरून वाहून जातं. ओहोळ लाल होतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर दोन कोटी लिटर पाणी. एवढं पाणी पडून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि बाया रात्री डवऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. म्हणजे पाऊस कमी पडत नाही, पडलेला पाऊस थांबत नाही. थांबवणारी माती आणि सावली काढून घेतली, हा त्याचा हिशोब आहे. मोजणीच्या कागदावर मात्र सगळं ठीक. झाडं आहेत ना!

मातीचंही तसंच. दिवाळी झाली की आपली किती कुटुंबं वीटभट्टीवर जातात? कशाची वीट बनते? शेतातल्या वरच्या मातीची. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. खडक उन्हाने तापतो, पावसाने फुटतो, पाला कुजतो, गांडूळ फिरतं, तेव्हा कुठे माती होते. ती आपल्याच हाताने खणून, आपल्याच हाताने थापून शहराच्या भिंतीत जाते. मजुरीचा हिशोब मालक ठेवतो. मातीचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आता या मातीतून सुटलेलं पाणी कुठे जातं, तिकडे जाऊ. आपला ओहोळ नदीला मिळतो, नदी खाडीला आणि खाडी समुद्राला. आपली तरुण पोरंही त्याच वाटेने खाली जातात, बोईसरला, तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट करायला. म्हणून तिथलं दुखणं आपलंही आहे.

तारापूरची अणुभट्टी १९६९ साली सुरू झाली. देशातली पहिली अणुवीज तिथली. नंतर तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली. तिथेही घरं मोजली, झाडं मोजली. आता भट्टीचं काम समजून घ्या. अशा भट्टीत जेवढी उष्णता तयार होते तिचा साधारण एक तृतीयांश भाग वीज होतो. उरलेले दोन भाग? ते समुद्राच्या पाण्यात सोडतात. समुद्राचं पाणी आत घेतात, यंत्र गार करतात आणि गरम झालेलं पाणी परत समुद्राला देतात.

गरम पाण्याने काय बिघडतं, असं विचारतील. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला साडेसातच मावतो. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. आणि पाणी तापलं की माशाच्या अंगाची भूक वाढते, त्याला जास्त प्राणवायू लागतो. म्हणजे गरज वाढली आणि पुरवठा घटला. मोठा मासा पोहून लांब जातो. अंडी आणि पिल्लं कुठे जाणार?

त्याच्या शेजारी एमआयडीसी. रसायनांचे, रंगांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने. त्यांच्या सांडपाण्यात कुजणारा माल असतो. तो कुजवताना जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मासा विष न पिताही गुदमरून मरतो. त्यात आम्ल असेल तर आणखी. आम्लाचं माप म्हणजे सामू. सात म्हणजे बरोबर मधला. सातावरून सहावर आला तर आम्ल दहापट वाढलं, पाचावर आला तर शंभरपट. आकडा एकाने खाली येतो आणि साहेब म्हणतात, थोडाच फरक आहे!

हे आम्हीच म्हणतो असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले १०० औद्योगिक पट्टे तपासले. हवा, पाणी, जमीन मिळून आकडा काढला. त्यात तारापूर पहिलं आलं, १०० पैकी ९३.६९ गुण घेऊन. शाळेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. मुरबे-नवापूरच्या किनाऱ्याचे मच्छीमार भाऊ यावर गप्प बसले नाहीत. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. जाळं रिकामं येतं म्हणजे समुद्रात काय बदललं, हे त्यांनी लवादासमोर मांडलं. त्यांनीही निर्जीवाचाच हिशोब मागितला.

आपले विरोधक म्हणतील, मग कारखाने बंद करायचे काय? पोरं कुठे जातील? हा प्रश्न खोटा नाही. ज्या पाड्यावरून दहा पोरं बोईसरला जातात त्या पाड्याला हे विचारायचा हक्क आहे. पण उत्तर असं, की सांडपाणी साफ करून सोडायला खर्च येतो आणि न करता सोडलं तर तो खर्च वाचतो. वाचलेला पैसा मालकाच्या खिशात जातो. तो खर्च नंतर मच्छीमाराच्या रिकाम्या जाळ्यातून वसूल होतो, आणि गॅसमध्ये शिफ्ट करणाऱ्या आपल्याच पोराच्या छातीतून. नोकरी मागणं आणि साफ पाणी मागणं यात भांडण नाही. ते भांडण मुद्दाम लावलं जातं.

आणि सूर्या नदी? धामणीचं धरण आपल्या डोंगरात. शेती भिजेल, म्हणून सांगितलं होतं. आता सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी रोज ४० कोटी ३० लाख लिटर पाणी नेण्याची आखणी आहे. शहरातल्या गरिबालाही पाणी पाहिजे, त्याच्याशी आपलं वैर नाही. पण पाइप ज्या पाड्यांशेजारून जातो त्यांच्या डवऱ्यात पाणी आहे काय, हे आधी बघा. नदीतून पाणी काढलं की खाली नुसतं पाणी कमी होत नाही. वेग कमी होतो, डोह उथळ होतात, उथळ पाणी लवकर तापतं, आणि भरतीचं खारं पाणी खाडीतून आणखी वर चढतं. विहीर मचूळ होते. पिकाच्या मुळाला खाऱ्या मातीतून पाणी ओढता येत नाही, ओल असूनही रोप सुकतं. एका पाइपने एवढ्या गोष्टी हलतात. त्यातल्या एकीलाही मोजणीच्या कागदावर जागा नाही.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. ऊन, पाऊस, वारा निसर्गाचे. पण सावली कुणी काढली, माती कुणी नेली, पाणी कुणी वळवलं, समुद्र कुणी तापवला, यामागे माणसांचे निर्णय आहेत. त्यांच्या सह्या आहेत, शिक्के आहेत. "निसर्गाचा कोप" हे शब्द ऐकले की विचारा, कुणाच्या सहीचा?

कायदा काय म्हणतो? वनहक्क कायदा २००६. आपण आपापले प्लॉट मिळावेत म्हणून दावे केले, ते बरोबरच आहे. पण कलम ३(१) मध्ये सगळ्यात मोठा म्हणावा असा हक्क आहे: सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा. आणि कलम ५ ग्रामसभेला अधिकार देतं, की तिने वन्यजीव आणि जंगल राखावं, आणि पाणलोट क्षेत्र व पाण्याचे स्रोत नीट राखले जातात हे बघावं. म्हणजे ज्या ओहोळाला मोजणीच्या कागदावर रकाना नाही, त्याला देशाच्या कायद्यात जागा आहे. ती जागा आपण वापरत नाही.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींनी ती वापरली. डोंगरमाथ्यावर बॉक्साइटची खाण होणार होती. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं, की हा डोंगर आमचा नियमराजा आहे, आमचे झरे त्याच्या पोटातून येतात. दगडाच्या डोंगराची बाजू त्यांनी मांडली आणि खाण थांबली.

तर या पावसाळ्याच्या आधी प्रत्येक ग्रामसभेने एक वही घालावी. तिचं नाव माती-पाण्याचा पंचनामा. त्यात पाच गोष्टी लिहा.

एक. गावातले सगळे झरे, डवरे, ओहोळ, त्यांच्या नावानिशी. कुठला कुठल्या महिन्यात आटतो, आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीत पूर्वी कुठल्या महिन्यात आटत होता.

दोन. झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते दर महिन्याला एकदा लिहा. वीस सेकंद लागले तर दिवसाला ४३ हजार लिटर पाणी येतं. पुढच्या वर्षी चाळीस लागले तर निम्मं पाणी गेलं, हे कुणाही साहेबाला दाखवता येईल.

तीन. पाऊस मोजा. सरळ कडांचा पत्र्याचा डबा उघड्या जागी ठेवा, रोज सकाळी पट्टीने मोजून ओता. शाळेतली पोरं हे काम आनंदाने करतील.

चार. माती तपासा. बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवा आणि दिवसभर ठेवा. खाली वाळू, मधे पोयटा, वर चिकणमाती बसते. राखलेल्या रानातली, सागाखालची आणि भट्टीने खणलेल्या शेतातली, अशा तीन बाटल्या शेजारी ठेवून मिटिंगला दाखवा.

पाच. शेवळं कधी आलं, मोह कधी गळला, वलगण कधी चढली, कुठले मासे आता दिसत नाहीत. हे बायांना विचारून लिहा, पुरुषांना नीट आठवत नाही.

प्रत्येक पानावर तारीख, दोन पंचांच्या सह्या किंवा अंगठे. ही वही सामूहिक दाव्याला जोडा. पुढच्या वेळी मोजणीवाले येतील आणि म्हणतील, ओहोळाला रकाना नाय, तेव्हा वही पुढे करा. म्हणा, दादा, रकाना आम्ही घातलाय, तू फक्त पोच दे.

शेवटी एवढंच. मोर्चात आपण घोषणा देतो, जल, जंगल, जमीन. तीन शब्द. त्यातले दोन पुस्तकाच्या हिशोबाने निर्जीव आहेत, आणि तिसरा त्या दोघांच्या जिवावर उभा आहे. आपण नुसत्या जंगलाचा दावा लावला आणि बाकीचे दोन सोडून दिले तर हातात सातबाऱ्याचा कागद येईल, पण त्याखाली उघडा खडक असेल.

वही कुठल्या गावाने सुरू केली ते पुढच्या अंकाच्या आत कळवा. गावांची नावं छापू.

जल, जंगल, जमीन, तिन्ही आमच्या हक्काची! जोहार!